बोअरचं पाणी

नळाचं पाणी चौथ्या दिवशी येतं
आणि त्याने गोळा होत नाही.
बाटलीतल्या शुद्ध पाण्याने तर नाहीच,
नुसतं चट्, आणि हत्तुरे मॅडमचा एक उसासा.
मग मीच म्हणालो, मागच्या बोअरचं बघू या,
ज्याने बादलीला पांढरी पुटं चढतात,
डाळ शिजत नाही, साबण रुसतो.
सोलापूरच्या जमिनीत एवढा क्षार आहे,
एकदा तरी कामाला येऊ दे.

एकविसाव्या खेपेला उठला.
तांब्याच्या टोकावरून, पाण्याला पाय न लावता,
कडेला जांभळा, पोटात पिवळा,
आम्ही 'अगं आई' पुरतं म्हणेपर्यंत
नव्हता.
मॅडमनी वहीत लिहिलं, शून्य पूर्णांक तीन सेकंद.
मी फरशी पुसली.

कपॅसिटर बंद गिरणीच्या भंगारातले,
अक्कलकोट रोडवर किलोने घेतलेले.
तोलताना भंगारवाला म्हणाला, काय करालाव ह्याचं?
वीज, मॅडम म्हणाल्या.
ती येते की, तो म्हणाला,
दुपारचे दोन तास सोडून.

मॅडमच्या निवृत्तीला अकरा महिने.
टेबलावर प्राचार्यांची तिसरी नोटीस,
भूगोलाच्या वर्गातले पंखे वारंवार बंद पडतात, खुलासा करावा.
खुलासा काय करणार?
आकाशात कधी तरी, कुणाला तरी दिसलेली वस्तू
आम्ही प्लॅस्टिकच्या बादलीत शोधतोय.

कुणाला तरी म्हणजे, माझ्या गल्लीतल्या नरसम्मा चिलवेरीला.
ती आता बिड्या वळते. तेव्हा नऊ वर्षांची,
पूर्व भागातल्या एका कारखान्यात कांड्या भरायची.
ढग गडगडत होते, थेंब नाही,
आणि झरोक्यातून ते आत आलं,
कवठाएवढं.
पहिल्या मागावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर,
चौथ्याच्या ताण्यावर थांबलं.
एक धागा जळाला नाही.
मग दारातून गेलं. दारातून, ती दोनदा सांगते.
माग थांबवले म्हणून मालकाने
सगळ्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली,
आणि साठ वर्षं तिला कुणी पुरतं ऐकून घेतलं नाही.

तिला मी रिक्षाने आणलं.
स्टूल दिलं, वेल्डरचा काळा चष्मा दिला.
मांडीवर सूप नव्हतं तरी
तिची बोटं चालू, हवेतलं पान कापतात,
हवेतली तंबाखू भरतात, दुमडतात, दोरा.
मी आकडे मोजत होतो.
कपॅसिटरची गुणगुण दातांत यायला लागली.
मॅडमनी बटण दाबलं.

उठला. एकशे सतरावा.
गेला.

तिची बोटं थांबलेली होती.
खोलीत ओल्या लोखंडाचा वास.
हेच का, मॅडमनी विचारलं,
पगारवाढ मागताना नसेल तितक्या हळू आवाजात.

नरसम्माने चष्मा काढला, पदराने पुसला, परत दिला.
रंग तोच, ती म्हणाली. पोटातलं पिवळं पण तेच.
पण हे भ्यालेलं आहे.
ते घाईत नव्हतं.

मॅडमनी निरीक्षणाच्या रकान्यात
जसं ऐकलं तसं लिहिलं:
साक्षीदाराच्या मते रंग जुळतो. घाई जुळत नाही.
मग बराच वेळ पेनचं टोपण शोधत राहिल्या.
ते त्यांच्याच हातात होतं.

निघताना ती काळा कागद लावलेल्या खिडक्या
एकेक करून बघत होती.
राजेशम, म्हणाली, त्याने जायचं कुठून?
आणि, आज माझ्या दोनशे बिड्या राहिल्या.

एकशे अठराव्या वेळी मी दार उघडं ठेवलं.
मॅडमनी का म्हणून विचारलं नाही.
शून्य पूर्णांक तीन.
वाऱ्याने वहीची पानं उलटली, तेवढंच.
दारात भूगोलाचा शिपाई उभा, हातात हजेरीपट,
लाईट परत जाणार का, म्हणून विचारायला आलेला.
जाईल की, मी म्हणालो,
आणि बादली उचलून बोअरकडे निघालो.