मानेवरचा डोळा

दहावीला गणितात गेलो
आणि मामानं साखर पेठेत आणून बसवलं मला
भोकं मोजायला.

जॅकार्डचे पत्ते पाडायचं दुकान.
वर पत्रा, खाली मे महिना,
मधे आम्ही तिघं आणि एक पंखा,
तो फक्त मालकाकडे बघायचा.
घरात कन्नड, शाळेत मराठी, दुकानात तेलुगू.
तिन्ही भाषांत मला एकच गोष्ट नीट यायची :
गप्प बसणं.

राजय्या इरबत्ती पंच मारायचे.
चौकटीच्या कागदावर रंगवलेला मोर
बोटानं वाचत जायचे,
पोथी वाचावी तसा, ओळ ओळ.
रंग तिथं भोक.
भोक असलं की मागावरची सुई आत जाते,
तिचा दोरा वर उचलला जातो.
नसलं की खालीच राहतो.
"एवढंच हाय बघ," म्हणाले पहिल्या दिवशी,
"बाकी सगळी चादर."

तिसऱ्या आठवड्यात मी एक भोक जास्त मारलं.

कळलं तोवर अक्कलकोट रोडला
चाळीस चादरी उतरल्या होत्या,
आणि प्रत्येक मोराच्या निळ्या मानेवर
एक लाल ठिपका.
मालक आले. काय बोलले ते लिहीत नाही.
शब्द न् शब्द पाठ आहे अजून,
ऐकायचं असेल तर मी झोपेत असताना या.
मी तिथंच उभा होतो, पण मनात
सायकल काढून होटगी रोडला लागलोही होतो.

राजय्यांनी चादर उजेडाला धरली.
चष्मा कपाळावर. बराच वेळ.
"परवालेदु," म्हणाले,
आणि मग मला कळावं म्हणून मराठीत :
"मोराला मानंवर पण डोळा आला की बे.
मागनं कोण येतंय ते दिसंल त्याला."

कुणी हसलं नाही.
दोन आठवड्यांचा पगार कापला, तो कापलाच.
राजय्यांनी चिमूटभर खळ घेतली,
कागदाचा कपटा त्या भोकावर बसवला,
अंगठ्यानं दाबला
आणि पंच माझ्या हातात दिला.
"पुढची ओळ तू."
मारली मी.
हात थरथरत होता, ओळ नव्हती.

ते वाक्य भोकाएवढंच होतं.
आत काय होतं म्हणाल तर काही नाही,
मोकळी जागा.
तिथून कुठली तरी सुई गेली
आणि माझ्यातला खाली पडून राहिलेला दोरा
वर आला.

पत्ते पुढं रद्दीत गेले, किलोवर.
मोर आता कॉम्प्युटरवर नाचतो.
मागच्या संक्रांतीला विडी घरकुलात जाऊन
राजय्यांना सांगितलं सगळं, कानाशी, मोठ्यानं.
"मी? मोर तर शेकड्यानं केले रे."
वाक्य आठवेना त्यांना. मालकही आठवेनात.
कडक भाकरी मोडून चटणीवर ठेवली माझ्यापुढं,
आणि मी निघताना, दारातून :
"ठिपका कुठल्या बाजूला होता?"
डाव्या, म्हणालो.
"हां," म्हणाले, समाधानानं.

आज तबस्सुमनं केलेल्या टॉवेलांवर
हरणाला पाय पाच आलेत.
दोनशे डझन.
जिन्यात धाकट्या मालकांचे बूट वाजतायत.
तिनं डबा पिशवीत टाकलाय, ओढणी सारखी केलीय,
ती होटगी रोडला लागलेली मला दिसते.

मी तोंड उघडतो
आणि आधी जिभेवर येतात ते थोरल्या मालकांचे शब्द,
पाठ असलेले, तयार, तेल घातलेले.
गिळायला वेळ लागतो.
"पाच पाय," म्हणतो मग,
"पळंल की जोरात."

ती हसत नाही.
पिशवी खाली ठेवते. खुर्ची पुढं ओढते.
पडद्यावरचं हरीण मोठं करते, आणखी मोठं,
आणि डोळे न पुसता विचारते,
"कुठला काढू, सर?"