सूप

शब्दाला ऐंशी पैसे दर आहे.
सातपूरच्या एका कंपनीचं मॅन्युअल, पान एकेचाळीस,
तिथे एक क्रियापद तीन दिवस आडवं पडलंय:
सूप अप.

कोश म्हणतो, इंजिनाची ताकद वाढवणे.
सकर्मक. म्हणजे पुढ्यात कुणीतरी लागतंच.
गाडी चालते, पंप चालतो,
अलीकडे भाषणही चालतं म्हणे.
मला मात्र आधी टोमॅटोची गरम वाटी दिसते,
आणि मग बांबूचं, शेणाने सारवलेलं,
भिंतीला टेकवून ठेवलेलं आपलं सूप.

वडाळा नाक्यावर मुश्ताक मिस्त्रीकडे गेले.
स्कूटरचा ब्रेक हे निमित्त.
"हां, येतात ना कॉलेज रोडची पोरं,
म्हणतात, चाचा, सूप अप मारून द्या."
"म्हणजे नेमकं काय करता?"
त्याने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.
"लोकांना वाटतं, ताकद भरतो आपण, चाकात हवा भरावी तशी.
भरत जास्त काही नाही, ताई.
सायलेन्सरची जाळी काढतो. मडगार्ड, साडी गार्ड,
मागची सीट, दोन्ही आरसे.
जे जे सांभाळायला म्हणून लावलेलं असतं
ते उतरवतो.
मग पळते."

कोपऱ्यात एक लाल गाडी होती,
टाकी आत गेलेली, अंगावर फारसं काही नसलेली.
"ही कुणाची?"
"हिचं सूप वाजलं. गंगापूर धरणाच्या वळणावर."
आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात नव्हतं.
मी पिशवीत वही शोधत राहिले.

"आणि पोरगा?"
"आहे की. पायात रॉड आहे.
परवा कुबडी घेऊन आला होता,
काढलेले आरसे मागायला."

येताना रविवार कारंज्यापाशी
धान्याच्या दुकानाबाहेर द्रौपदाबाई पाखडत होत्या.
फट, फट, मग एक लांब झोका.
कोंडा उडून त्यांच्याच केसांत बसत होता.
म्हटलं, बाई, याने तांदळाची ताकद वाढते का हो?
त्या हसल्या. "तांदूळ तेवढाच राहतो,
नको ते जातं.
पण हाताला कळावं लागतं, काय नको ते.
नवी पोरगी बसवली की निम्मी कणी गटारात."

रात्री पान एकेचाळीस.
लिहिलं: शक्ती वाढवणे.
दोन शब्द, एक रुपया साठ पैसे.
खाली बारीक अक्षरात, दर न लावता, एक ओळ:
काय काय काढलं ते लिहून ठेवा,
आणि आरसे फेकू नका.

कंपनीतले लोखंडेसाहेब
मजकूर सुटसुटीत करतात.
ही ओळ त्यांच्या हाताला लागेल
आणि ते ती पाखडतील.