बावीस

अजिंठा चौफुलीच्या अलीकडे, टायरवाल्याच्या शेजारी,
सुपडू मिस्तरी माझ्या गाडीचा डॅशबोर्ड उकलून बसलाय.
माझ्या बाजूला गार. डाव्या सीटवर फुफाटा.
पॅनलवर मात्र दोन्हीकडे बावीस,
हिरवं, ठाम.

पुढच्या काचेखाली एक काळा मणी आहे, वाटाण्याएवढा.
चार वर्षं मी त्याला स्क्रूचं झाकण समजत होते.
मिस्तरीनं त्यावर तळहात धरला.
थोड्या वेळानं पंख्याचा आवाज उतरला.
"हाऊ ऊन देखस," तो म्हणाला. "फक्त ऊन."

स्टिअरिंगजवळ बारीक जाळी, मागे चिमुकला पंखा,
आतली हवा हुंगत बसलेला.
तंबाखूच्या पुडीचा कागद त्यानं जाळीला लावला.
चिकटून राहिला. म्हणजे नाक चालू.

तिसरा बंपरच्या मागे, डांबरापासून हातभर वर.
येताना त्यानं एकोणपन्नास दाखवलं
आणि मला हसू आलं.
माझी नोकरीच आकड्यांची:
पिकविम्याची हवामान केंद्रं, यावल, रावेर, चोपडा.
पांढऱ्या झडपांची पेटी, आत सावली,
माणसाच्या छातीइतक्या उंचीवर जे मोजलं जातं
ते तापमान. आज चव्वेचाळीस पूर्णांक सहा.
केळीचं पान पेटीत नसतं, बाई,
हे मला रोज कुणीतरी सांगतं.
मी मान डोलावते. वहीत त्यासाठी रकाना नाही.

"उभी गाडीमा आकडा वाढना तर पॅनल मानस नही."
इंजिनाचीच धग असेल, असं धरून
गाडी हलेपर्यंत जुनाच आकडा दाखवत राहतं.
उतरला, की लगेच मानतं.
आमच्या ऑफिसातही असंच आहे, मी म्हटलं.
तो हसला नाही. त्याचं डोकं डॅशबोर्डखाली होतं
आणि तोंडात स्क्रू.

मला वाटायचं, बावीस कुठेतरी तयार होतं.
तसं काही नसतं.
एका जाळीत इंजिनाचं कढत पाणी,
दुसरीवर बर्फाला टेकलेला गारवा,
दोन्ही शेजारी शेजारी, भर मे महिन्यातसुद्धा.
मधे प्लॅस्टिकचं फळकूट.
किती हवा कढत्यावरून जाऊ द्यायची, किती तशीच सोडायची,
एवढंच त्याचं काम, आणि ते कधी संपत नाही.
माझ्या गाडीत अशी दोन. डावं अडकलेलं.
मोटरीच्या दातेरी चाकाचा एक दात गेलेला,
म्हणून टक, टक, टक.
फेब्रुवारीपासून ऐकत होते.
वाटलं, सीटखाली पाण्याची बाटली घरंगळतेय.

नवी मोटर धुळ्याहून एसटीनं आली,
कंडक्टरच्या पायाशी, खोक्यावर सुपडूचं नाव.
बसवल्यावर त्यानं दोन बटणं एकदम दाबून धरली.
पॅनल कोरं झालं. बावीस नाही, काहीच नाही.
आत घर्रर्र. काहीतरी टोकाला जाऊन टेकलं.
पुन्हा घर्रर्र, दुसऱ्या टोकाला.
"काय चाललंय त्याचं?"
"भिती मोजी राह्यनं.
दोन्ही भितीस्ले धडकस,
मंग त्याले मधली जागा समजस."

मग आकडे परतले.
रेहान, त्याचा हाताखालचा पोरगा,
तपासायला डाव्या सीटवर बसला, दार लावून घेतलं.
जाळीसमोर आधी तळवे धरले,
मग उलटे करून हातांच्या पाठी,
मग शर्टाचं वरचं बटण काढलं.
गाडी कधीच बरी झाली होती.
सुपडूनं ओला पंचा डोक्यावर घेतला,
कडुनिंबाला टेकला,
"तपासी राह्यना," म्हणाला, माझ्याकडे न बघता.

किल्ली माझ्या हातात होती.
मी पैसे मोजले, पुन्हा एकदा मोजले.
काचेखालचा मणी
उन्हाकडे बघत होता.