पट्टा थांबतो तेव्हा

पट्टा डावीकडून उजवीकडं जातो.
कल्लव्वा समोर बसते, तिच्या अंगानं तो उजवीकडून डावीकडं.
यावरून आम्ही एकदा भांडलोयसुद्धा.
तासगावात, शीतगृहामागच्या शेडमध्ये,
सकाळी नऊपासून अकराजणी
नजरेनं बेदाणा चाळतो.
काळा बाजूला. देठाचा बाजूला. फुटका बाजूला.
हिरवा जाऊ द्यायचा.

पाडव्याला कामाला लागले तेव्हा पोपट मुकादमानं विचारलं,
ह्यातला पिवळसर कुठला, हिरवट कुठला?
मला सगळा बेदाणाच दिसला.
आखाड येईतो सात हिरवे दिसायला लागले.
तिघांना बाजारात नावं आहेत.
बाकीचे चार माझे मलाच ठाऊक.

कल्लव्वा जतेकडची. ती म्हणते हसिरु, मी म्हणते हिरवा.
तिच्या डोळ्यांत तो कसा उतरतो, देव जाणे.
पण खोटा दाणा आला की
दोघींची बोटं एकदम त्याच्यावर पडतात
आणि नखाला नख लागतं.

गंधकाचं म्हणाल तर पहिला आठवडा
नाकात जाळ, डोळ्यांत पाणी, भाकरीलाही तोच वास.
मग एक दिवस गंधक संपला.
मला वाटलं, मालकानं धुरी बंद केली.
घरी गेले तर लेक दारातच मागं सरली,
आई, तुला काडेपेटीचा वास येतोय.

मुठीत चार दाणे जास्त आले तर हाताला कळतं.
पंधरा किलोच्या पेटीत ओंजळभर टाका,
हात हूं की चूं करत नाही.
रोज साठ रुपये होता तेव्हा दहाची वाढ झाली,
शमशादनं पेढे आणले होते.
आता तीनशेवर दहा वाढले,
पट्ट्यावरची एक मान वर झाली नाही.

मिरजेहून कॉलेजची एक पोरगी आली, कागद घेऊन.
कमरेत किती दुखतं? एक ते दहात सांगा.
मी म्हटलं, बसताना का उठताना?
ती म्हणाली, सरासरी.
सरासरी दुखत नाही गं बाई.
दुखायला लागलं ते कळतं, थांबलं ते कळतं,
मधलं सगळं कमरेचं कमरेपाशी.
तिनं सहा लिहिलं.

माहेर माझं विट्याचं. भिंतीपलीकडं माग.
खटखट खटखट, रात्रीची पाळी, दिवसाची पाळी.
त्यातच आई बोलायची, तेही हळू,
आणि आम्हाला ऐकू यायचं.
वीज गेली, माग थांबले, की गल्लीतली तान्ही पोरं
एकदम जागी होऊन रडायची.

अप्पांचा खोकला त्या खटखटीतच मुरला होता.
बारा वर्षं. मला तो कधी ऐकूच आला नाही.
एका पहाटे, माग चालू असताना,
मी दचकून उठून बसले.
काय थांबलंय
ते कळायला बराच वेळ लागला.

दुपारी दोनच्या सुमाराला वीज जाते. पट्टा थांबतो.
थांबतो कसला, उलटा निघतो.
फरशी, पेट्या, कल्लव्वाचे हात,
सगळं जागच्या जागी राहून
डावीकडं वाहायला लागतं.
नव्या बाया घाबरून टेबल धरतात.
आम्ही त्यांना हसतो
आणि टेबल धरतो.

मग मी चुन्याच्या भिंतीकडं बघते.
तिथं हिरव्याचा मागमूस नसतो.
जांभळट ठिपके, टपोरे, रसानं भरल्यासारखे,
आमच्या शेडमध्ये कधी न आलेली काळी द्राक्षं.
पापणी लवली की फिकी होतात, परत येतात.
परवा तर खुडायला हात पुढं गेला माझा.

कल्लव्वा, तुला दिसतात का गं तिथं?

ती भिंतीकडं बघते. बघतच राहते.
किती? असं विचारते.
मी मोजायला लागते
आणि वीज येते.