पाडायचं काम

माझं काम पाडायचं.
दीड मीटरवरून, काँक्रीटच्या लादीवर,
आधी पाठीवर, मग तोंडावर, मग एकेका कोपऱ्यावर,
आणि दर वेळी फोन उचलून
माझ्याच घरचा नंबर लावायचा.
घरी कोणी नसायचं. घंटी गेली की पास.

बावीस वर्षं.
नदीकाठच्या आमच्या गावात म्हणत,
इर्मेलीच्या हातात काही टिकत नाही.
मी म्हणायचे, टिकतं तेच तर दुकानात जातं.

आमचे फोन राखाडी. ठोकळे.
खिशात टाकला की कोट एका अंगाला ओघळायचा.
पण उणे वीसमध्ये, बसथांब्यावर,
लोकरी हातमोज्यातूनही बटण लागायचं.
अँटेनावाल्या योर्माचा तर मासे धरताना
बर्फातल्या भोकात पडला,
चुलीशेजारी रात्रभर वाळला
आणि सकाळी त्यावर बायकोचा फोन आला.
योर्मा सांगायचा, यंत्र म्हणजे बूट.
पाय कोरडा राहिला की झालं.
बुटाकडे बघत कोण बसतं?

मार्चमध्ये त्यांचा फोन आला.
समुद्रापलीकडचा, अजून आमच्याकडे विकायला नसलेला,
कोणाच्या तरी भाच्याने सामानातून आणलेला.
खोकं उघडायलाच वेळ लागला.
झाकण वर ओढलं तर ते घाई करेना,
आतली हवा सोडत सोडत सावकाश सुटलं.
कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही.

टेबलाभोवती अकरा माणसं, वेलदोड्याचे पाव, कॉफी.
योर्मा दोष मोजत होता:
बॅटरी संध्याकाळ बघत नाही,
बोलताना आवाज तुटतो,
हातमोजा घातला की काच ढिम्म,
आणि किंमत आपल्या दुप्पट.
सगळं खरं होतं. सगळे माना डोलवत होते.
फक्त फोन खाली कोणी ठेवत नव्हतं.
या हातातून त्या हातात,
हिशेबखात्याच्या मार्केट्टाने तर नुसताच
कडेवरून अंगठा फिरवला, दोनदा, तीनदा,
आणि पुढे द्यायला विसरली.

माझ्याकडे आला तेव्हा मला आठवला
आजोबांनी भूर्जाच्या गाठीतून कोरलेला पेला.
त्याचा कान ते दोन हिवाळे घासत होते.
कॉफी आधीही तेवढीच गरम राहायची.
अंगठा मात्र तिथे आपसूक जाऊन बसायचा,
अंधारातही, न शोधता.

बैठक संपली. साहेब म्हणाले, इर्मेली, पाड.

मी लादीपाशी गेले. हात दीड मीटरवर नेला.
हजारो वेळा उघडलेली ही बोटं,
ती उघडेनात.
किती वेळ, कोणास ठाऊक. घड्याळ लावलं नव्हतं.
मागून योर्मा म्हणाला, काय झालं?
काही नाही, म्हटलं, आणि सोडला.

पहिल्याच पडण्यात काच गेली.
सगळ्यांना केवढं हायसं वाटलं!
कोणीतरी उरलेले पाव वाटले.
मी तक्त्यात लिहिलं: कोपरा डावा, फेरी एक, नापास.
पुढे रकाना नव्हता.
हात किती वेळ थांबला
हे कुठे लिहायचं ते कोणी छापलंच नव्हतं.

त्यानंतर सहा वर्षांनी आमचं दार बंद झालं.
कारणं पुष्कळ होती, अहवाल जाडजूड होता.
मी वाचला. लादीपाशी उभं राहिलेलं कोणी
त्यात भेटलं नाही.

रविवारी भाची वेन्ला येते.
तिच्या फोनच्या काचेवर कोळ्याचं जाळं,
बोटाला कधीकधी बारीक कण टोचतो.
अगं, बदल ना तो, मी म्हणते.
ती चिकटपट्टी आणखी एकदा दाबून बसवते,
कडेवरून अंगठा फिरवते
आणि म्हणते, बघू.

माझ्या खणात आमचा एक आहे, राखाडी.
वर्षातून एकदा चार्ज करते.
अजून घंटी जाते.