अंधारात अर्धा तास

मिथेनॉलमध्ये विरघळली की ही पूड
जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखी दिसते.
वहीत मात्र मी लिहिते : गडद जांभळा, ५१७ नॅनोमीटर.

उपाध्ये मॅडम म्हणतात,
डीपीपीएचच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो.
त्याला कुणी जोडीदार दिला
की जांभळा उतरतो, पिवळा होतो.
बास, एवढंच मोजायचं :
कोण देतं आणि किती देतं.
निम्मा रंग उतरायला जेवढं लागतं तो आकडा.
आकडा जेवढा लहान, तेवढा देणारा मोठा.

पण हळद स्वतःच पिवळी.
तिचा पिवळा कुठला, आणि देऊन झालेला पिवळा कुठला?
म्हणून नुसत्या हळदीची एक नळी वेगळी लावायची
आणि तिचं वाचन वजा करायचं.
हे मी दोनदा विसरले.
तिसऱ्यांदा बिरनाळे मामांनी आठवण केली,
जे फक्त काचा धुतात.

मार्केट यार्डातली राजापुरी, नमुना एक ते चार.
सेलम, पाच आणि सहा.
सात : हरिपूर, पेवातली, चाचीच्या डब्यातून.
वय साधारण वीस वर्षं.
मॅडमनी भुवई उंचावली, खोडलं नाही.

नळ्यांना फॉइल गुंडाळून कपाटात ठेवते.
डार्करूम नाही आपल्याकडे, जुनं गोदरेज आहे.
दार लावते. घड्याळ लावते.
तीस मिनिटं.

पेवाचं तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं,
पोट घागरीसारखं.
वर माती, आत हळद, वर्षानुवर्षं,
कीड नाही, कारण कीड जगेल एवढी हवाच नाही.
आतला प्राणवायू हळदीनंच पिऊन टाकलेला.
उघडल्यावर थांबायचं. मग कंदील सोडायचा.
विझला तर अजून थांबायचं.
जळत राहिला तर माणूस.

गजबरचाचाच्या वेळी कंदील अर्ध्यावर विझला.
मुकादम म्हणाला, वाऱ्यानं विझला असंल, उतर.
ट्रक उभा होता.

दोराला बांधलेला म्हणून वर आला.
तोंडभर हळद, ओठ निळे.
हे सगळं मी जन्मायच्या आधीचं.
पुढं महापुरात पेवं भरली, खचली,
मुकादमानं दुधाची डेअरी काढली.
चाचानं त्या दिवशीच्या बंडीच्या खिशातून
मूठभर हळकुंडं चाचीच्या हातावर ठेवली होती.
तिनं ती ना भाजीत घातली, ना कुणाच्या लग्नात दळली.

घड्याळ वाजतं.
क्युव्हेट खरखरीत बाजूनं धरायची,
गुळगुळीत बाजूला बोट लागलं की बोटच मोजलं जातं.
नुसता जांभळा : ०.९४२.
क जीवनसत्त्व : ०.०८१, अपेक्षेप्रमाणे, वर्गातलं हुशार पोर.
ताजी राजापुरी चांगली उतरली.
सात नंबर : ०.३९६. ०.४०१. ०.५८७.

तिसरा आकडा बसत नाही.
पिपेटमध्ये बुडबुडा असेल.
माझा हात हलला असेल.
मॅडम म्हणाल्या, गाळू नकोस. पुन्हा कर.
पहिल्या दोघांत निम्म्याहून थोडा जास्त रंग उतरलाय,
वीस वर्षांच्या मानानं बरं आहे,
पण "बरं" हा शब्द तक्त्यात चालत नाही.

संध्याकाळी चाचाकडे गेले.
डिसेंबर, आणि दार सताड उघडं,
ते तसंच असतं, चाची दोन गोधड्या घेऊन निजते.
काय निघालं, त्यानं विचारलं.
म्हटलं, अजून नक्की नाही. उद्या परत लावणारे.
"कुठं ठिवतीस नळ्या?"
कपाटात. अंधारात. अर्धा तास.
"झाकण लावून?"
हो.

तो काही बोलला नाही.
उठला,
खिडकीचं अडकलेलं दुसरं दार
खांद्यानं ढकलत राहिला
उघडेपर्यंत.