उतरताना वाईट पाय आधी

सकाळी साडेपाचला मी उठते,
म्हणजे डोळे उठतात.
बाकीचे येतात हळूहळू,
मस्टरवर उशिरा सही करणाऱ्या मास्तरांसारखे.
आधी मान, मग खांदे,
मनगटं सगळ्यांत शेवटी, आणि तीही अर्धीच.
साडेसातला मी पूर्ण हजर असते.
शाळेत कुणाला अजून कळलेलं नाही.

सातवीला भूमिती माझ्याकडे.
फळ्यावर सरळकोन काढते, एकशे ऐंशी अंश.
जो हात तो काढतो
तो स्वतः एकशे चाळीसच्या पुढं उघडत नाही.

पाचव्या वर्षी सुरू झालं.
सेलूत तेव्हा म्हणायचे, वात म्हाताऱ्यांना होतो,
लेकराला कसा होईल?
मायनं निर्गुडीचा पाला बांधला,
कुणीतरी गुडघ्यांवर बिब्बा लावला.
ते काळे डाग अजून आहेत,
दुखण्याचा जुना पत्ता.
दुखणं केव्हाच घर बदलून गेलं.

उजवा गुडघा सुजला, त्या पायाला घाई झाली,
डाव्यापेक्षा पाऊण इंच जास्त वाढला.
जबडा मात्र वाढायचंच विसरला.
म्हणून सगळ्या फोटोंत मी
काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखी दिसते.
गोळ्यांनी तोंड गोल झालं तेव्हा
बायका म्हणाल्या, अयोध्या आता अंगानं भरायली.

महिन्यातून एकदा हैदराबाद,
मीटरगेजची रात्रगाडी, पूर्णेला बदलायची.
अण्णा जिनिंगच्या काट्यावर कारकून,
कापसाचं गाठोडं नुसतं उचलून वजन सांगायचे.
माझंही.
पुलावर मला खांद्यावर घेऊन चढताना म्हणायचे,
"मागच्या खेपेपेक्षा अर्धा किलो कमी भरायलीस."
मग मधेच थांबून, दम खात,
"दुखायलंय का?"
"नाही."

तेच एक नाही मी आजवर वापरते.
पंगतीत मांडी घाला म्हणतात तिथं,
बघायला आलेल्या मुलासमोर चहाचा ट्रे थरथरला तेव्हा,
खुबा बदलून शुद्धीवर येताना तर
नर्सनं विचारायच्या आधीच म्हणाले म्हणे.
इतकं गुळगुळीत झालंय ते
की एखाद्या दिवशी खरंच दुखत नसेल
तर त्यासाठी माझ्याकडे वेगळा शब्द नाही.

रविवारी आठवड्याची गोळी,
सोमवारी मळमळ आणि सलग दोन तास फळ्याशी.
राग येतो.
पण रागाला मूठ लागते,
माझी मिटत नाही.

यंदा अण्णांचे गुडघे गेले.
साधी झीज, वयाची, डॉक्टर हसत म्हणाले.
पहिला आठवडा मला थोडंसं बरं वाटलं.
इथं लिहून ठेवते, तोंडानं कुणाला सांगणार नाही.

काल आठ दिवसांनी नळ आला.
टाकी भरली का बघायला ते वर गेले
आणि जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभेच राहिले.
"अयोध्या, खाली कसं यायचं गं?"

वयानं ते एक्काहत्तर.
या दुखण्यात मी त्यांच्याहून पस्तीस वर्षांनी मोठी.
चार पायऱ्या चढून गेले. उचलू तर शकत नाही कुणाला.
म्हटलं, चढताना चांगला पाय आधी,
उतरताना वाईट.
"माझे दोन्ही वाईट."
"मग ज्याचा जास्त राग येतो तो."
हसले. पाय खाली ठेवला, आणि तिथंच थांबले.
"लहानपणी तुला एवढं दुखायचं?"

टाकी भरून पाणी पत्र्यावर सांडायला लागलं होतं.
खाली जाऊन कॉक बंद करायला हवा होता.
ते जुनं नाही जिभेवर आलंच,
सवयीनं, चप्पल पायात सरकावी तसं.

"पूर्णेच्या पुलावरसुद्धा, अण्णा," मी म्हटलं.
"आता पुढची पायरी. डावा."